जोडीला खिशातला कॅमेरा: निवडायचा कसा

मोठा कॅमेरा घेतला, किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळालेली) काढून चांगली झूम लावली, त्यासाठी बॅग आली, आणि आता लग्नाची ऑर्डर किंवा वेरूळची सहल असल्याशिवाय तो कपाटातून बाहेर निघत नाही. छत्रपती संभाजीनगर असो की नांदेड, दोन फोटोवाले भेटले की हे रडगाणं ऐकायला मिळतंच. कारण साधं आहे. फुल फ्रेम बॉडी (मोठा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी मोठी चिप असलेली) आणि २४-७० एफ २.८ लेन्स म्हटलं की दीड-पावणेदोन किलो गळ्यात पडतात. एवढं ओझं घेऊन कुणी भाजी आणायला जात नाही, आणि चांगले फोटो नेमके भाजी आणायला जातानाच दिसतात.

मग जोडीला एखादा छोटा कॅमेरा असावा असं वाटू लागतं. शोधायला बसलं की मॉडेलांची जत्रा भरते आणि माणूस पुन्हा मेगापिक्सेल मोजायला लागतो. तिकडे आत्ताच वळू नका. छोट्या कॅमेऱ्याचे गुण शेवटी बघायचे. आधी मोठ्याला काय जमत नाही ते बघायचं. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पायरी १: मोठा घरी का राहतो?

खरंच कागदावर लिहा. वजन, लोकांचं बिचकणं आणि भीती, बहुतेकांचं उत्तर या तिघांतलंच असतं. पण प्रत्येकातून खरेदी वेगळी निघते.

वजन हेच कारण असेल तर अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या वर जाऊच नका. पाचशे ग्रॅमचा ‘छोटा’ कॅमेराही दोन महिन्यांत मोठ्याच्या शेजारी कपाटात जाऊन बसतो.

लोक बिचकतात हे कारण असेल तर लातूरच्या गंजगोलाईत एकदा मोठा कॅमेरा काढून बघा. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथे; गर्दीला तोटा नाही. तुम्ही लेन्स वर केली की दुकानदार मापाचं काम थांबवतो, टोपी सारखी करतो, ताठ उभा राहतो आणि विचारतो, “कोन्या पेपरचे हाव तुम्ही?” मग चहा येतो, ओळख निघते, सगळं छान होतं, फक्त जो हात वजनकाट्यावर चालला होता त्याचा फोटो मिळत नाही. तळहाताएवढ्या कॅमेऱ्याकडे कुणी इतकं लक्ष देत नाही. याचा अर्थ चोरून काढा असा नाही. काढल्यावर दाखवा, नको म्हणाले तर पुसून टाका. गुरुद्वारा, दर्गा, देवीचा गाभारा इथे तर आधी विचारायचं, कॅमेरा कितीही लहान असो.

भीती हे कारण असेल, म्हणजे पाऊस, चिखल, वरातीतला धक्का, तर महागडा नाजूक कॉम्पॅक्ट घेऊन ती भीती दुप्पट होईल. अशांनी ओएम सिस्टीमचा टीजी-७ बघावा. २०२३ चं मॉडेल, १५ मीटर पाण्याखाली चालतो, धूळ आत जात नाही. सेन्सर मात्र मोबाइलसारखाच बारका आहे. संध्याकाळनंतर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

मोबाइल आहे की!

आहे, आणि दिवसाच्या उजेडात, फोटो फक्त स्टेटसला टाकायचे असतील तर तो पुरतोही. तेवढंच काम असेल तर पैसे वाचवा. छोटा कॅमेरा घ्यावा तो मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोंशेजारी बसेल अशा रॉ फाइलसाठी (कॅमेऱ्याने न घोटलेली कच्ची फाइल), खऱ्याखुऱ्या शटर बटणासाठी, आणि फोटो काढताना मध्येच फोन वाजू नये म्हणूनसुद्धा. एक तपासून घ्या: मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या आसपास बघतो (आकडा जितका लहान, तितकं रुंद दिसतं). छोट्या कॅमेऱ्यालाही तीच नजर असेल तर तो मोबाइलपेक्षा वेगळं काय देणार, हे आधी स्वतःला पटलं पाहिजे.

पायरी २: खिसा मोजा

परदेशी परीक्षणांत ‘जॅकेटच्या खिशात आरामात मावतो’ असं वाक्य हमखास असतं. आपल्याकडे जॅकेट निघतं डिसेंबरात, तेही सकाळी सातपर्यंत. आपला खिसा म्हणजे पँटचा, कुर्त्याचा, नाहीतर गाडीची डिकी.

वजनाइतकीच जाडीही महत्त्वाची. रिको जीआर ३ सुमारे ३३ मिमी जाड, २५७ ग्रॅमचा. कॅनन जी७ एक्स मार्क ३ आणि सोनी आरएक्स१०० मार्क ७ हे दोघे ४१ ते ४३ मिमी, तीनशे ग्रॅमच्या जरा वर. पॅनासोनिक एलएक्स१०० मार्क २ चारशे ग्रॅमच्या जवळ. फुजीफिल्मचा एक्स१०० व्हीआय ५५ मिमी जाड आणि ५२१ ग्रॅमचा. हे वजन बॅटरी आणि कार्ड धरून. पहिले तीन पँटच्या खिशात जातात, रिको तर सहज. फुजी खिशात जात नाही, त्याला छोटी पिशवी लागतेच. तो सुंदर कॅमेरा आहे यात वाद नाही, पण ‘खिशातला’ म्हणून घेणार असाल तर ही गोष्ट दुकानात जायच्या आधी मान्य करा.

खात्री करायची फुकट युक्ती आहे. थर्माकोलचा तुकडा त्या मापाचा कापा, खिशात घाला आणि आठवडाभर तसेच फिरा: गाडीवर, ऑफिसात, पंगतीत मांडी घालून बसताना. मांडीला टोचला की उत्तर मिळालं.

इथेच एक आडवाट सांगतो, कारण तिच्यात निम्म्याहून जास्त पैसे वाचतात. तुमच्या मोठ्या बॉडीलाच बारकी, चपटी लेन्स लावता येते का बघा. कॅननची ईएफ ४० मिमी एफ २.८ एसटीएम १३० ग्रॅमची आहे, नव्या आरएफ माउंटसाठी (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जागा) २८ मिमी एफ २.८ आहे १२० ग्रॅमची, निकॉन झेड माउंटला २६ मिमी एफ २.८ आहे १२५ ग्रॅमची. बॉडी लहानखुरी मिररलेस (आत आरसा नसलेली) असेल तर या लेन्सने तीच रोजची होते, दुसरा कॅमेरा लागतच नाही. बॉडी जाडजूड डीएसएलआर (आरसा असलेली) असेल तर मात्र लेन्स कितीही चपटी असली तरी खिशाचा प्रश्न तसाच राहतो.

पायरी ३: तुमची नजर किती मिलिमीटरची?

या पायरीला घाई करू नका, कारण नंतर बदलता येत नाही असं हेच एक आहे. रिको आणि फुजीची लेन्स कायमची जोडलेली, झूम नसलेली आहे. जीआर ३ ला २८ मिमीची नजर, जीआर ३एक्सला ४० ची, एक्स१०० व्हीआयला ३५ ची. सोनी मार्क ७ ला २४ ते २०० आणि कॅनन जी७ एक्सला २४ ते १०० ची झूम. हे सगळे आकडे फुल फ्रेमच्या हिशेबाने.

हे आकडे वाचून ठरवू नका, डोळ्याने बघा. तुमच्याकडे १८-५५ किट लेन्स पडून असेल, तीच काढा. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) कॅननचे आकडे १.६ ने आणि निकॉन, सोनी, फुजीचे १.५ ने गुणायचे असतात. म्हणजे झूम १८ वर ठेवली की साधारण २८ ची नजर, २३ वर ठेवली की ३५ ची, आणि कॅननवर २५, बाकीच्यांवर २७ ठेवली की ४० ची. झूमची रिंग चिकटपट्टीने तिथेच बांधा आणि दोन-तीन रविवार तशीच वापरा. आठवडी बाजारात जा, घरात पाहुणे आले की काढा, पोरं अभ्यासाला बसली की काढा.

२८ वर लगेच कळेल की माणसाचा फोटो हवा तर त्याच्या अगदी अंगाजवळ जावं लागतं. तुळजापुरात नवरात्राच्या गर्दीत, पैठणला नाथषष्ठीच्या दिंड्यांत ते आपोआपच होतं, कारण मागे सरायला जागाच नसते. गल्लीबोळ, वाड्याचं दार, पंगत, एसटीच्या आतला फोटो, याला २८ उत्तम. ४० वर दोन पावलं मागे राहून चेहरा भरतो, मागची गर्दी कमी येते. पारावर बसलेली माणसं, मागावर बसलेला पैठणी विणकर, शेतात डबा सोडून बसलेली दोघं-तिघं यांना ४० बरी. ३५ मध्ये दोन्ही थोडं थोडं.

माझं मत विचाराल तर ज्यांच्या मोबाइलमध्ये २४-२६ आधीच आहे आणि मोठ्या कॅमेऱ्यावर वाइड लेन्स आहे, त्यांनी ४० कडे झुकावं. मोठ्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळ ७०-२०० लागलेली असते त्यांनी डोळे झाकून २८ घ्यावी. आणि कुटुंबासोबत फिरणारे, ज्यांना एका क्षणी पोराचा चेहरा आणि दुसऱ्या क्षणी अख्खा देवगिरी हवा असतो, त्यांनी सरळ झूमवाला घ्यावा. एकच लेन्स घेऊन ‘शिस्त लागते’ वगैरे ऐकायला छान, पण बायकापोरं उन्हात थांबून राहात नाहीत.

एक गोष्ट छोट्या कॅमेऱ्याकडून मागायचीच नाही. जायकवाडीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित उतरतात, ते २०० मिमीमध्ये ठिपक्याएवढेच येणार. ते मोठ्या कॅमेऱ्याचं काम, त्यालाच करू द्या.

पायरी ४: अंधारात काय होतं?

नवीन माणूस इथे एक वाक्य पाठ करून येतो: सेन्सर मोठा तो चांगला. खरं आहे, पण अर्धंच.

मापं बघा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी. रिको आणि फुजीत एपीएस-सी, म्हणजे साधारण २३.५ बाय १५.६. आरएक्स१०० आणि जी७ एक्समधला ‘एक इंची’ सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिमीचाच असतो. इंचाशी त्याचा संबंध नावापुरता. क्षेत्रफळ काढलं तर एपीएस-सी हा एक इंचीच्या सव्वातीन पटीच्या आसपास भरतो. आता लेन्सकडे या. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. रिकोची लेन्स एफ २.८ ची, जी७ एक्सची वाइड टोकाला एफ १.८ ची. एफ १.८ मधून एफ २.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो. म्हणजे सेन्सरने कमावलेला फायदा लेन्सने बराचसा खाल्ला. वाइड टोकाला हे दोघे अंधारात फार लांब नाहीत. झूम केली की चित्र पालटतं: जी७ एक्स एफ २.८ वर येतो, सोनी मार्क ७ तर लांब टोकाला एफ ४.५ वर, आणि मग बारक्या सेन्सरची खरखर दिसायला लागते. फुजीकडे मोठा सेन्सर आणि एफ २, दोन्ही. त्याची किंमत आणि वजन त्याचंच आहे.

हे कुठे कळतं? अजिंठ्यात. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, चित्रांना इजा होऊ नये म्हणून. फ्लॅशला बंदी, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी. हातात धरून काढायचं तर शटर खूप हळू ठेवावं लागतं, आणि तिथे स्थिरीकरण, म्हणजे हाताचा हादरा भरून काढणारी सोय, कामाला येतं. या चारही मॉडेलांत ते आहे, रिको-फुजीत सेन्सर हलतो, सोनी-कॅननमध्ये लेन्समधला भाग. श्वास रोखून, कोपरं अंगाला लावून एक अष्टमांश सेकंदालाही पद्मपाणी स्वच्छ येतो, कारण तो हलत नाही. हळदीच्या रात्री नवरीच्या करवल्या नाचत असतात, तिथे स्थिरीकरणाचा शून्य उपयोग. तिथे उजेड घेणारी लेन्स आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना) वाढवायची तयारी हवी.

मित्राचा कॅमेरा मागून चाचणी घ्यायला जाणार असाल तर अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेतही चाचणी होते, पण तिथे एक हात भिंतीला लावायला मोकळा ठेवा.

पायरी ५: ऊन आणि फुफाटा

हा भाग परीक्षणांत सापडत नाही, कारण ती लिहिणारे मे महिन्यात परभणीला आलेले नसतात.

पहिली अडचण, स्क्रीन. दुपारी बाराच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसतो, फोटो नाही. सोनी मार्क ७ मध्ये वर उचलायचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे, फुजीत तर ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही. जी७ एक्स मार्क ३ आणि रिकोत नाही. रिकोने त्यावर स्वतःचा तोडगा काढला आहे, स्नॅप फोकस: आधीच दोन मीटर वगैरे अंतर ठरवायचं, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ ८ ला ठेवायचं आणि बटण दाबायचं, स्क्रीन न बघताही नेम बसतो. सवय लागते, पण लागली की वेग भलताच.

दुसरी अडचण सावलीची. टोपी, रुमाल, फेटा, पदर. भर उन्हात चेहरा काळा आणि मागचं शेत पांढरं. इथे छोटा कॅमेरा मोठ्याला मात देतो. बहुतेक मोठे कॅमेरे एक दोनशे पन्नासांश सेकंदाच्या पुढे फ्लॅशसोबत नीट चालत नाहीत, वेगळी सोय लागते. फुजीसारख्या लीफ शटरच्या (शटर लेन्समध्येच असलेल्या) कॅमेऱ्यात त्याहून कितीतरी वेगवान शटरला फ्लॅश चालतो, आणि छोटा फ्लॅश अंगातच असतो. चेहऱ्यावर जरासा उजेड मारला की डोळे दिसतात. रिको घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: २०१५ च्या जीआर २ मध्ये फ्लॅश होता, जीआर ३ मध्ये तो काढून टाकला.

तिसरी अडचण धुळीची, आणि ही सगळ्यात महाग पडते. बाहेर येणारी-आत जाणारी लेन्स हवा ओढते, हवेबरोबर फुफाटा. कॉम्पॅक्टची लेन्स निघत नाही, त्यामुळे सेन्सरवर गेलेला कण ब्लोअरने उडवता येत नाही. कॅमेरा उघडावा लागतो. रिकोच्या जीआर मालिकेबद्दल ही तक्रार जुनी आहे. उपाय साधे: खिशात घालताना झिपची पिशवी किंवा घट्ट पाउच, खिसा आठवड्याला उलटा करून झटकायचा, आणि कच्च्या रस्त्यावर पुढून ट्रक गेला की धूळ खाली बसेपर्यंत कॅमेरा चालू करायचा नाही. फुजीची लेन्स आत-बाहेर होत नाही, शिवाय वेगळी ॲडॅप्टर रिंग आणि फिल्टर लावला की तो धूळ-पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही.

आणि उष्णता. बहुतेक मॅन्युअलमध्ये वापराची मर्यादा ० ते ४० अंश लिहिलेली असते. आपला उन्हाळा ती रोज ओलांडतो. एवढ्याने कॅमेरा जळत नाही, पण व्हिडिओ लवकर बंद पडतो आणि बॅटरी पटकन उतरते. चारचाकीच्या डॅशबोर्डवर ठेवणं तर सोडूनच द्या.

पायरी ६: बॅटरी, कार्ड

छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी छोटीच. कंपन्यांच्या मोजणीत जीआर ३ सुमारे २००, जी७ एक्स मार्क ३ सुमारे २३५ आणि सोनी मार्क ७ सुमारे २६० फोटो देतो. बजेट धरताना एक जादा बॅटरी त्यातच धरा. पॉवर बँकेवरून चार्ज होतो का हे विचारा. गावाकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. मोठा कॅमेरा फुजी एक्स-टी३० सारखा असेल तर त्याची बॅटरी एक्स१०० व्हीआयलाही चालते, ही मोठीच सोय. कार्डही दोघांना एकच चालावं. २०२५ मध्ये आलेल्या जीआर ४ ला मायक्रो एसडी लागतं, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

पायरी ७: दुकानात

पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर, भारतातली वॉरंटी. बिलाशिवाय स्वस्तात देणारे भेटतात, पण लेन्स अडकली की तेच पैसे दुरुस्तीला जातात. एक्स१०० व्हीआय आणि जी७ एक्सला मागणी इतकी आहे की माल कमी येतो. म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले तर सरळ उठून या.

जुना घ्यायला हरकत नाही, उलट नवख्याने जुनाच घ्यावा असं मला वाटतं. आरएक्स१०० मार्क ३ हा २०१४ चा, २४-७० ची एफ १.८ ते २.८ लेन्स आणि व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा आजही रोजच्या कामाला पुरून उरतो. फक्त हातात घेऊन तपासा. चार-पाच वेळा चालू-बंद करा आणि लेन्सच्या पुढच्या पाकळ्या बघा. एखादी अर्ध्यावर थांबत असेल तर आत धूळ आहे. झूम करताना करकर आवाज आला तर ठेवून द्या. मग ॲपर्चर सगळ्यात बारीक करा, फोकस जवळचा ठेवा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. तो स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवा. करडे, मऊ कडांचे ठिपके दिसले तर ते सेन्सरवरचे कण. विकणारा “पुसलं की जातं” म्हणेल. पुसायला हात कुठून घालणार, हे त्यालाच विचारा.

घेतल्यावर लगेच

दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. एकाच लग्नात दोन्ही वापरले आणि एक दहा मिनिटं मागे असला की संगणकावर अक्षता आधी पडतात आणि अंतरपाट नंतर धरला जातो. हजार फोटो हाताने लावत बसावं लागतं. फाइलच्या नावाची सुरुवातीची अक्षरं बदलायची सोय असेल तर ती वेगळी ठेवा, नाहीतर कॉपी करताना एकाच नावाच्या दोन फाइल एकमेकींवर चढतात. दोन्हीकडे रॉ चालू करा, म्हणजे रंग नंतर जुळवता येतील. आणि गळ्यातला पट्टा पेटीतच राहू द्या, मनगटाची दोरी लावा.